चौकटीतली पावलं

मनीषाताईंचा फोन आला तेव्हा प्रणाली पडवीत तांदूळ निवडत बसली होती. फोन स्पीकरवर टाकून तिनं सूप मांडीवर घेतलं.

"वहिनी, दादानं सही केली," मनीषाताई पुण्याहून बोलत होत्या. आवाज भरून आलेला. "रविवारी येते मी. आईची पावलं ऐकायला."

प्रणालीच्या बोटांतला खडा परत तांदळात पडला.

"कसली पावलं?"

"अगं, चौकटीतली! खोऱ्यातल्या पोलादी घरांची देतात ना आता. माझ्या ऑफिसातल्या एकीनं तिच्या वडिलांची मागवली होती. म्हणाली, फोटोत बाबा नाहीत एवढे त्यात आहेत. मी महिन्यापूर्वीच अर्ज केला होता. शेवटच्या दिवसाची नोंद देतात, पूर्ण. फक्त घरमालकाची संमती लागते, ती दादानं आज दिली."

"मला बोलले नाहीत ते."

"मीच म्हटलं, वहिनीला मी सांगते. तुला बरं वाटेल गं. इतकी वर्षं तूच तर केलंस तिचं."

फोन ठेवल्यावर प्रणालीनं पुन्हा सुपाकडे पाहिलं. निवडलेले कुठले आणि न निवडलेले कुठले, तिला कळेना. आत्यांना जाऊन साडेचार महिने झाले होते. आत्या म्हणजे तिच्या सासूबाई. खोऱ्यात सासूला आत्याच म्हणतात. त्यांच्या शेवटच्या सकाळी आपण कुठे होतो, याबद्दल तिनं एक गोष्ट सगळ्यांना सांगितली होती. नवऱ्याला, नणंदेला, डॉक्टरला, शेजारपाजारच्यांना. ती खरी नव्हती. आणि आता रविवारी ते घरच बोलणार होतं.

कोयनेच्या खोऱ्यातल्या वाघजाईवाडीत हे घर उभं राहिलं ते दोन हजार सदतीस सालच्या भूकंपानंतर. त्याआधीचं घर ऐनाच्या आणि फणसाच्या खांबांवर होतं. खांबांची पायथ्याची लाकडं वाळवीनं आतून पोखरलेली होती, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. जमीन हलली आणि खांब पाय घसरल्यासारखे बाजूला सरकले. पुन्हा तसंच बांधायचं तर जंगलातून लाकूड तोडायला परवानगी नाही, आणि वखारीतलं लाकूड ओलं, वर्षभरात पिळवटणारं. म्हणून सरकारनं आणलेल्या पोलादी चौकटीच्या योजनेत प्रणालीच्या नवऱ्यानं, संग्रामनं, नाव घातलं.

एका टेम्पोत घर आलं. जस्ताचा मुलामा दिलेल्या पातळ पोलादी पट्ट्या, लांबीभर घड्या घालून पन्हळीसारख्या केलेल्या, प्रत्येकीवर नंबर. चार कामगार आणि स्क्रू फिरवायची यंत्रं. त्यांचा मुकादम मुबीन शिकलगार, तिशीतला, कामात चोख. आत्यांनी एक अख्खी तुळई एका हातानं उचलून बघितली आणि त्या म्हणाल्या, "बाबा, घर बांधतुयास का छत्री?"

मुबीन हसला. "मावशी, भूकंपाला जड घर आवडतं. हलकं घर त्याच्याबरोबर डोलतं आणि परत जागेवर येतं."

पाचव्या दिवशी भिंतींवर सिमेंटचे पत्रे चढले आणि घर झालं. पत्रे चढवायच्या आधी मुबीननं प्रत्येक सांध्यावर रुपयाएवढी एकेक चकती चिकटवली. सेहेचाळीस चकत्या. "हे काय?" म्हणून आत्यांनी विचारलं तेव्हा त्यानं त्यांना अंगणात नेलं. जुन्या घराचा एक खांब तिथं आडवा पडला होता. त्याच्या एका टोकाला आत्यांचा हात ठेवला आणि दुसऱ्या टोकाला पान्यानं ठोकलं. हाताला काही कळलं नाही. मग पोलादी पट्टीला तसंच केलं. आत्यांनी चटका बसल्यागत हात काढून घेतला.

"लाकूड हादरा पिऊन टाकतं, मावशी. पोलाद तो पुढं देतं. एका खांबाला टिचकी मारली तर सगळ्या घराला कळतं. ते ह्या चकत्या ऐकतात आणि चौकट केंद्राला कळवतात. कुठला सांधा सैल झाला, कुठला स्क्रू कुरकुरतोय, ते आम्हाला तिथं बसून दिसतं."

"म्हंजी घर चुगलखोर म्हण की," आत्या म्हणाल्या, आणि कामगार हसत सुटले.

तेव्हा हसण्यासारखंच होतं ते. कोयनेच्या खोऱ्यात जमीन आठवड्यातून एकदा तरी शहारते. त्यातल्या बहुतेक हादऱ्यांनी कपातला चहासुद्धा हलत नाही. पण असे शेकडो शहारे पचवता पचवता चौकट कुठे थकते आहे, हे आधी कळलं तर पुढच्या मोठ्या भूकंपात माणसं वाचतील, असा त्यामागचा विचार. अडचण एवढीच होती की त्या बारीक हादऱ्यांपेक्षा माणसाचं चालणं मोठं. कुणी पाटा-वरवंटा घेऊन बसलं की चौकटीला वाटायचं, धरणी हलली. म्हणून केंद्रातल्या लोकांनी यंत्राला शिकवलं, की माणसांचा गोंगाट वजा कर. आता एखादी गोष्ट वजा करायची तर ती आधी नेमकी ओळखावी लागते. आठवडाभरात प्रत्येक घराची चौकट आपापली माणसं ओळखायला शिकली. आत्यांचा डावा पाय घासत यायचा. संग्राम टाचा आपटायचा. प्रणाली चवड्यांवर, धावल्यासारखी चालायची, आणि तिच्या जोडव्यांची फरशीवर बारीक टकटक व्हायची. वजा केलेला हा गोंगाट फेकूनही देता येत नव्हता. उद्या घर पडलंच, तर ढिगाऱ्याखाली कोण कुठे होतं हे त्यातूनच कळणार. म्हणून तो दहा वर्षं जपून ठेवायचा नियम झाला.

मग केंद्रातल्या कुणाला तरी त्या कंपनांचा पुन्हा आवाज करून बघायची बुद्धी झाली. पलीकडच्या गावातल्या एका बाईला तिच्या मेलेल्या नवऱ्याची पावलं ऐकवली. ती बातमी सगळीकडे झाली. मेलेल्यांची पावलं मागणारे अर्ज येऊ लागले, आणि त्यांच्या पाठोपाठ जिवंतांची मागणारेही. घरमालकाला स्वतःच्या घराची नोंद मागायचा हक्क होताच. खालच्या आळीतल्या एकानं आपण कामावर असताना घरी कोण येतं ते मागवलं. यायची ती बायकोची मावशी निघाली, पण बायको माहेरी गेली ती परत आलीच नाही. चौकटीला बोलणं कळत नाही असं केंद्र सांगायचं, तरी बायका हळूहळू मनातलं बोलायला शेतात जाऊ लागल्या. कुणी घरभर गोधड्या अंथरल्या. चकत्या नकोत म्हणायची सोय नव्हती. चौकट बंद पडलेल्या घरात राहायची परवानगी नव्हती आणि दुसरं घर कुणाकडे नव्हतं.

प्रणालीला या सगळ्याची कधी भीती वाटली नव्हती. संग्राम असले अर्ज करणाऱ्यातला नव्हता.

आत्यांची फुप्फुसं दगडासारखी घट्ट होत चालली होती. तीस वर्षं चुलीचा धूर घेतलेला. त्यांना दोनदा शहरातल्या दवाखान्यात, काचेमागच्या खोलीत ठेवलं होतं. दुसऱ्या वेळी त्यांनी घशातली नळी ओढू नये म्हणून दोन्ही मनगटं पलंगाला बांधली होती. घरी आल्यावर त्यांनी प्रणालीला ती मनगटं दाखवली. "आता तिसऱ्यांदा न्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "माझी शपथ हाय तुला."

हे त्यांनी संग्रामलाही सांगून पाहिलं होतं. तो "आई, असं अभद्र बोलायचं नाही," म्हणून उठून गेला. मनीषाताई फोनवर रडल्या आणि म्हणाल्या, तुला पुण्याला आणते, इथं चांगले डॉक्टर आहेत. मग आत्या दोघांशी बोलायच्याच थांबल्या. उरली प्रणाली. चार वर्षं ती त्यांना आंघोळ घालत होती, भरवत होती, प्राणवायूच्या यंत्राची नळी साफ करत होती. 'नाही' म्हणायला तिला जागाच नव्हती.

मार्चमधल्या त्या सकाळी ती परसात कपडे वाळत घालत होती. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. ती धावत आली. आत्या स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या खांबाला टेकून बसल्यागत पडलेल्या. ओठ निळे. ती फडताळावरच्या फोनकडे धावली. हात फोनवर पडणार तोच आत्यांनी तिला हाक मारली. त्या तिला कधी नावानं बोलवत नसत. "अगं" नाहीतर "पोरी". त्या दिवशी म्हणाल्या, "प्रणाली, नगं."

ती परत फिरली. त्यांच्याशेजारी बसली. एकोणीस मिनिटांनी तिनं फोन केला.

डॉक्टर आले, संग्राम आला. मनीषाताईंनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "तू कुठं होतीस, वहिनी?" आणि प्रणालीच्या तोंडून निघून गेलं, "परसात. आत आले तर सगळं संपलेलं होतं." एकदा म्हटलेलं मग सगळ्यांना तेच सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संग्राम कामाला निघाला असताना तिनं विषय काढला. "ती संमती परत घेता येईल का हो? आत्यांचं असं काहीतरी मशीनमधून ऐकायचं म्हणजे… मला नाही बरं वाटत."

संग्राम बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "मला तरी कुठं बरं वाटतंय? मी नाही ऐकणार. पण मनीषाची आई आहे ती. तिला मी कोण अडवणार?"

तो गेला. प्रणाली स्वयंपाकघरात आली आणि त्या खांबासमोर उभी राहिली. खांब तसा दिसत नव्हताच, पत्र्याच्या आत होता. पण पत्र्यावर केंद्राचा शिक्का होता, 'क-७'. आत ती चकती. त्या सकाळचं सगळं त्या रुपयाएवढ्या चकतीत असणार, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं स्क्रू-ड्रायव्हर आणला. घरात कुणी नसताना ती दबकत चालत होती हे तिच्या लक्षात आलं, आणि आपल्याच घरात आपण चोरासारखे चालतोय याचा तिला राग आला. पत्र्याचे चार स्क्रू तिनं काढले. पाचवा झिजला होता, तो फिरेना. ती जोर लावत असताना फोन वाजला.

"नमस्कार, चौकट केंद्रातून बोलतोय. क-सात खांबाजवळ कुणी काम करतंय का?"

"नाही… म्हणजे, झुरळं झाली होती. पत्रा काढून बघत होते."

"पत्रा काढू नका, मॅडम. माणूस पाठवतो."

माणूस म्हणजे मुबीन. तासाभरात त्याची मोटरसायकल अंगणात लागली. आता तो कामगारांचा मुकादम राहिला नव्हता, केंद्रात पाहणीचं काम करायचा. त्यानं झुरळांचं काही विचारलं नाही. पिशवीतून नवा स्क्रू काढून बसवला, बाकीचे चार घट्ट केले, आणि खाली बसूनच म्हणाला, "वहिनी, चकतीत काही नसतं. ती नुसता कान आहे. सगळं केंद्रात जातं."

"मग तिथलं पुसता येतं का?"

मुबीननं पान्याला लागलेली धूळ पुसली. "येतं. पण पुसलं तर तेवढा वेळ चौकट बंद होती असं यंत्र धरतं. मग सगळी पाहणी परत, आणि ती होईपर्यंत घर सील. तुम्ही दोघं तंबूत. आणि खरं सांगू का, माझ्याच्यानं ते व्हायचं नाही. ताईंच्या अर्जाचा पेनड्राइव्ह मीच तयार केलाय."

"ऐकलंत तुम्ही?"

"ऐकावं लागतं. आवाज स्वच्छ आलाय का ते बघायला."

प्रणाली ओट्याला धरून उभी राहिली. बाहेर कोंबडी ओरडत होती.

"तुम्हाला काय वाटलं?" तिनं विचारलं.

"मला काय वाटायचं? दोन माणसं होती, एवढं कळतं. एक आडवं, एक बसलेलं. बसलेलं हललं नाही. का हललं नाही ते पोलादाला कळत नाही, मलाही नाही." तो उठला. "माझी बायको तिच्या आईशी बोलायला असेल तर ओढ्यापलीकडं जाते. मीच चकत्या लावल्यात घरात, माझ्याच हातानं. काय सांगणार तिला?"

दारातून बाहेर पडता पडता तो वळला. "त्यांना तुमच्याकडून कळलेलं बरं, वहिनी. मशीन फार कोरडं सांगतं."

रविवारपर्यंतचे चार दिवस प्रणालीला त्या घरात वावरणं कठीण झालं. मध्येच ती घासत चालून बघायची, टाचा आपटून बघायची, जणू दुसरीच बाई आहे. काय उपयोग? जे व्हायचं ते साडेचार महिन्यांपूर्वी होऊन गेलं होतं आणि जसंच्या तसं ठेवलेलं होतं. तिनं मनाशी वाक्यं जुळवली. आत्यांची इच्छा होती. आत्यांनी शपथ घातली होती. हे सगळं खरंच होतं. पण त्या एकोणीस मिनिटांतलं आणखी एक होतं, ते वाक्यात बसत नव्हतं, आणि तेवढंच तिला रोज पहाटे उठवत होतं.

मनीषाताई दहाच्या सुमारास आल्या. संग्रामनं पेनड्राइव्ह त्यांच्या हातात ठेवला, म्हणाला, "मी शेताकडं जातो. झालं की हाक मारा," आणि गेला. दोघी स्वयंपाकघरातच बसल्या, खाली सतरंजीवर. मनीषाताईंनी आणलेला छोटा स्पीकर मध्ये ठेवला. त्याच्या छोट्या स्क्रीनवर घड्याळ होतं. त्यांनी सकाळी सहापासून लावलं.

आधी नुसती घरघर. मग एक पाऊल, आणि एक घासलेलं पाऊल.

"आई!" मनीषाताईंनी तोंडावर हात घेतला.

घासत घासत ती पावलं मोरीपर्यंत गेली. तांब्या ठेवल्याचा ठण्ण आवाज झाला. परत आली. देवापाशी थांबली. मनीषाताई रडत होत्या आणि हसतही होत्या. "बघ, गुडघ्यावर हात ठेवून उठली! ती अशीच उठायची ना, दोन दमांत!" मग जोडव्यांची टकटक करत भरभर चालणारी पावलं आली, आणि त्या म्हणाल्या, "ही तू." प्रणालीनं मान हलवली. बाहेरून स्वतःला ऐकणं किती विचित्र असतं. ती बाई सतत धावत होती. मोरी, ओटा, आत्यांची खोली, पुन्हा ओटा. तिला वाटलं, हिला कुणीतरी खाली बसवा.

मनीषाताईंनी मधला भाग पुढे ढकलत आणला. नऊ. साडेनऊ. दहा वाजून चौतीस. घासणारी पावलं ओट्याकडे येऊ लागली, तसा प्रणालीनं हात पुढे करून आवाज थांबवला.

"मनीषाताई, पुढचं ऐकण्याआधी मला सांगायचंय."

"काय?"

"मी परसात होते, हे खोटं आहे. म्हणजे, होते, पण त्या पडल्याबरोबर आत आले. जिवंत होत्या त्या. एकोणीस मिनिटं होत्या. मी त्यांच्याजवळ बसले होते. मी फोन केला नाही."

मनीषाताई तिच्याकडे बघतच राहिल्या. चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, ते तिथंच विरून गेलं.

"का?"

"त्या नको म्हणाल्या. त्यांनी शपथ घातली होती, परत नळ्या नकोत म्हणून."

"आई घाबरली की काहीही बोलायची! तुला कळत नव्हतं? दहा मिनिटांवर रुग्णवाहिका उभी असते, वहिनी. मी तिला पुण्याला नेलं असतं. आज ती इथं असती!"

"कदाचित असत्या."

"आणि मला… मी विचारलं तेव्हा तू सरळ खोटं बोललीस. चार महिने रोज फोनवर माझ्याबरोबर रडलीस." त्या उठून दारापर्यंत गेल्या. दाराची चौकट धरून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. प्रणाली जागची हलली नाही. बऱ्याच वेळानं त्या परत आल्या आणि खाली बसल्या. "लाव," त्या म्हणाल्या.

ओट्याकडे येणारी पावलं. भांडं पडल्याचा आवाज. मग काहीतरी जड, मऊ. दारातून धावत येणारी टकटक. ती फडताळाकडे सहा पावलं गेली आणि थांबली. तिथं काहीच नव्हतं, ना हाक ना शब्द. चौकटीला बोलणं कळत नव्हतं, फक्त भार आणि हादरे. मग सहा पावलं परत, सावकाश. बसल्याचा दबका धक्का. आणि शांतता.

शांतता म्हणजे घरघर. ती सरेचना.

"आता काय चाललंय?" मनीषाताईंनी विचारलं.

"मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. पदरानं तोंड पुसलं."

"आणि आता?"

"त्या माझ्याकडे बघतायत. श्वास जोरात चाललाय. मी पाठीवर हात फिरवतेय."

"माझ्याबद्दल काही म्हणाली?"

प्रणालीला उत्तर ओठांवर आलेलं जाणवलं. 'मनीला सांभाळ म्हणाल्या.' तीन शब्द. कुणालाही, कुठल्याही चकतीला ते खोटं ठरवता आलं नसतं. समोरची बाई त्यावर आयुष्यभर जगली असती.

"नाही," ती म्हणाली. "'नगं' म्हणाल्या, त्यानंतर त्यांना शब्द फुटलाच नाही. कुणाचंच नाव घेतलं नाही."

मनीषाताईंनी डोळे मिटून घेतले. घड्याळ पुढे सरकत होतं. दहा वाजून बेचाळीस. त्रेचाळीस. आणि त्या घरघरीतून तीन ठोके आले. टक. टक. टक. काही क्षण गेले आणि पुन्हा एक.

मनीषाताईंनी डोळे उघडले. "हे काय?"

हेच ते होतं.

"त्यांची टाच. त्या पाय आपटत होत्या. आणि हात असा वर केला होता, फडताळाकडे."

"फडताळावर काय होतं?"

"फोन होता. त्याच्या शेजारी पाण्याची कळशी."

स्पीकरमधून नुसती घरघर येत होती.

"हाताशी तांब्या होता, त्यातलं पाणी मी त्यांना बसल्या जागी चमच्यानं पाजलं," प्रणाली म्हणाली. "पाणी मागितलं असं मी धरलं. फोन म्हणत असतील तर… मला माहीत नाही, मनीषाताई. त्या शेवटी घाबरल्या असतील. त्यांचं मन फिरलंही असेल. मला तेव्हा हेही वाटून गेलं, की आता संपू दे. त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, ते आजही सांगता येत नाही. मी दमले होते."

आपण हे कुणाला तरी मोठ्यानं सांगू, असं तिला कधी वाटलं नव्हतं. ती रडलीही नाही. मनीषाताई तिच्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत काय आहे ते तिला वाचता येईना.

"हे तू सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं," त्या अखेर म्हणाल्या. "नुसतं पाणी मागत होत्या म्हणाली असतीस, तरी मी मानलं असतं."

"हो."

"मग सगळं खरं असणार," मनीषाताई जणू स्वतःशीच बोलल्या. "माझं नाव घेतलं नाही, तेही."

नोंद संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत. दहा वाजून चोपन्नला टकटक पावलं फडताळापर्यंत गेली आणि तिथं थांबली. मनीषाताईंनी पेनड्राइव्ह काढून पर्समध्ये टाकला आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

तेवढ्यात अंगणात संग्रामच्या चपला वाजल्या. हाक मारेपर्यंत त्याला राहवलं नव्हतं. तो दारात येऊन उभा राहिला. बहिणीचे सुजलेले डोळे बघून त्याचा चेहरा कसानुसा झाला.

"झालं?"

प्रणालीनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी मनीषाताई बोलल्या.

"झालं, दादा. ऐकलं सगळं. आई लगेच गेली रे. पडली ती पडलीच. तिला काही कळलंसुद्धा नाही."

प्रणालीनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. भावाचा चेहरा तेवढा बघत होत्या, आणि त्या चेहऱ्यावरचा ताण खरोखरच उतरत होता. प्रणालीलाही क्षणभर हायसं वाटलं. चार महिने एकटीनं ओढलेलं ओझं कुणीतरी दुसऱ्या टोकानं उचललं होतं.

संग्राम उंबऱ्यावरच बसला. तोंडावरून हात फिरवला. "चार महिने मला तेच खातंय," तो म्हणाला. "तडफडली असेल का, आम्हाला हाका मारल्या असतील का… लगेच गेली म्हणतेस?"

"लगेच."

"मग बरं झालं तू मागवलंस. मला उगाच भीती वाटत होती." त्यानं नाक पुसलं आणि हात पुढे केला. "दे ते इकडं. मीही ऐकतो एकदा. आईची पावलं."

मनीषाताईंचा हात पर्सवर घट्ट झाला. "नंतर ऐक, दादा. मी नेते पुण्याला, मग…"

"अगं, मग केंद्रातून दुसरी प्रत आणतो. मालक आहे मी, मला कधीही देतील. तू ने ती."

मनीषाताईंनी प्रणालीकडे बघितलं. पहिल्यांदाच. डोळ्यांत नुसती विनवणी होती, काहीतरी बोल, काहीतरी निमित्त काढ. प्रणालीला वाटेना की काही काढता येईल. आज नाही तर आठवड्यानं, नाहीतर वर्षानं, तो एकटाच ते ऐकत बसला असता, आणि मग शेजारी बसून सांगणारं कुणी नसतं.

तिनं सतरंजीवरचा स्पीकर बाजूला सारून जागा केली.

"वहिनी…" मनीषाताई म्हणाल्या.

"आत या," प्रणाली नवऱ्याला म्हणाली. "इथं बसा, माझ्याजवळ. ताई, तुम्हीही बसा. आधी मी सांगते. मग ऐका."